कोरा रकाना

परवा पुतण्या पुण्याहून आला होता. इंजिनिअर आहे. जेवताना घाटघरचा विषय निघाला. मी अकोले तालुक्यात बारा वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे घाटघर म्हटलं की ताठ बसतो.

ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या टोकाला घाटघरला वरचं धरण, घाटाखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं. मधे चारशे मीटरच्या वर उतार. विजेची मागणी वाढली की पाणी खाली सोडायचं, वीज उरली की तेच पुन्हा वर चढवायचं. 250 मेगावॉट, 2008 साली सुरू झालं. चढवायला शंभर युनिट लागली तर पाऊणशेच्या आसपास परत मिळतात. पण उन्हाची वीज रात्री हवी तर एवढी घट सोसायला हवी. याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण पुढचं आहे. 2023 मध्ये राज्याने या उदंचन प्रकल्पांचं धोरण आणलं आणि सह्याद्रीतल्या जागांसाठी एकामागून एक करार झाले. तिकडे विदर्भात मात्र कोळसा काढून सोडलेल्या खाणी पाण्याने भरून पडल्यात. मी म्हटलं, आधी तिथे करा की! खड्डा तयार, जंगल आधीच गेलेलं.

"काका, उंची कुठंय तिथे?" म्हणत त्याने कागद ओढला. हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आलं तर जेमतेम एक युनिट. शंभर मीटरला पाव. शिवाय भूमिगत खाणीत छत तोलणारे कोळशाचे खांब रोज भिजून-सुकून ढासळायची भीती, आणि पाणी आम्लयुक्त असलं तर ते यंत्रं खाणार.

हिशेब बरोबर आहे. मी मराठीचा मास्तर, तरी एवढं त्रैराशिक येतं. पण त्यात खाणीचे सगळे तोटे आहेत आणि डोंगराचा एकही नाही. भाताची खाचरं, गुरांची चराई, देवराई, सगळा रकाना कोरा. माझी शाळेतली पोरं भंडारदऱ्याचं पाणी बघत वाढली; ते पाणी जायचं खालच्या उसाला आणि त्यांच्या आया उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरायच्या. तेही कुणी मांडलं नव्हतं. कोरा रकाना म्हणजे शून्य, असं आम्ही कुठल्या पोराला शिकवलं नाही.

आणि उंचीचंच म्हणाल तर ऑस्ट्रेलियात किडस्टनला 2001 साली बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीच्या दोन खड्ड्यांत असाच प्रकल्प उभारायला घेतला. उंची घाटघरच्या साधारण निम्मी, क्षमता तीच, 250 मेगावॉट. मग नवा डोंगर फोडण्याआधी आपल्या एकेका रिकाम्या खाणीचा हिशेब लोकांपुढे ठेवा. खोली किती, पाणी कसं, खर्च किती. जमत नाही असं आकड्यांनिशी निघालं तर मी गप्प बसेन. (सौ.चा यावर विश्वास नाही.)

पुतण्या कागद इथेच विसरून गेलाय. त्यात मी डोंगराचा रकाना आखून ठेवलाय. दिवाळीला आला की त्याच्याकडूनच भरून घेणार आहे.