पितळी फुलाची घडणावळ

देव्हाऱ्याच्या दारावरील फूल, कपाटाची मूठ, समईच्या शेंड्यावरील मोर अशा लहान पितळी वस्तू दुकानात बहुधा किलोच्या भावाने येतात. उत्तर प्रदेशातील मुरादाबादेत अशा ओतकामाचा मोठा भाग घरालगतच्या लहान कारखान्यांत होत आला आहे. तेथील ओतकाम करणाऱ्या कुटुंबाला किलोचा भाव खरोखर परवडतो काय, हे पाहण्यासाठी त्या कामाची रीत आधी समजून घ्यावी लागते.

साच्याची पेटी दोन भागांची असते. तीत चिकट, किंचित ओलसर वाळू ठोकून भरतात व फर्म्याचा ठसा उमटवतात. पितळ थिजताना आकसते, म्हणून फर्मा इच्छित मापाहून थोडा मोठा ठेवावा लागतो. रस प्रत्येक ठशापर्यंत पोचावा यासाठी वाळूत पाट कोरतात. या पाटांत थिजलेले पितळ आणि बिघडलेले नग पुन्हा मुशीत जातात. त्यामुळे काहीच वाया जात नाही, असा समज होतो. परंतु तो पूर्णतः खरा नाही.

तांबे 1085 अंश सेल्सियसला वितळते, तर जस्त 907 अंशांनाच उकळू लागते. पितळेचा रस ओतण्याजोगा होईपर्यंत त्यातील काही जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते. प्रत्येक वितळणीत ही घट होतेच. समजा, 10 किलो पितळ मुशीत घातले आणि 3 टक्के, म्हणजे 300 ग्रॅम, घट झाली. पाट व बाद नग यांत 4 किलो गेले, तर विकण्याजोगा माल 5 किलो 700 ग्रॅम उरतो. सारी घट या मालावरच बसते आणि 3 टक्क्यांची घट 5 टक्क्यांहून अधिक होते. परतलेले 4 किलो पुन्हा वितळवताना इंधन लागते, घटही पुन्हा होते.

दुसरी गोष्ट नगांच्या संख्येची. 50 ग्रॅमच्या मुठी एका किलोत 20 बसतात. 10 ग्रॅमची फुले 100 बसतात. म्हणजे ठसे 100, पाटापासून तोडणे 100 वेळा आणि कानस फिरवणेही 100 वेळा. भाव मात्र तोच! काम जितके नाजूक, तितकी मजुरी कमी, असा उलटा न्याय येथे होतो.

सर्वांत मोठा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो. मोडीत आलेल्या जुन्या नळांच्या पितळेत पुष्कळदा शिसे असते. त्याचे दुष्परिणाम असे उतरत नाहीत. ते शरीरात साचत जाते व लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीस बाधते. भट्टी आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली असेल, तर ही किंमत कारागिराची मुले मोजतात. भट्टी घराबाहेर नेणे, धूर ओढून घेणारे धुराडे बसवणे, खात्रीचे पितळ वापरणे हे उपाय ठाऊक आहेत. परंतु त्यांना पैसा लागतो आणि किलोच्या भावात त्याला जागा नसते.

सराफी पेढीवर धातूचे मूल्य, घट आणि घडणावळ या तीन रकमा वेगळ्या मांडण्याची रीत जुनी आहे. पितळेच्या खरेदीतही ती आणता येईल. धातूचा दर वजनावर असावा, घट ठरवून घ्यावी आणि घडणावळ नगावर द्यावी. त्या घडणावळीत धुराड्याचा वाटाही धरावा. ग्राहकाला एका फुलामागे काही पैसे अधिक पडतील. वहीत न लिहिलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरात फेडला जात असतो.