विजेचा नवा मापाडी

जेथें एकानें द्यावयाचें व दुसऱ्यानें घ्यावयाचें असतें, तेथें माप आलेंच. आणि माप आलें कीं विश्वासाचा प्रश्नही आला. बाजाराच्या आवारांत धान्याचीं पोतीं तोलणारा मापाडी हा ना विकणाऱ्याचा असावा, ना घेणाऱ्याचा. कांटा दोघांच्याही डोळ्यांसमोर धरावा, हेंच त्याचें कर्तव्य. वीज ही तर डोळ्यांना न दिसणारी वस्तु. तिचें माप करणाऱ्या यंत्रावर विश्वास किती ठेवावा, व कोणत्या अटींवर ठेवावा, याचा विचार करणें आज मुंबईंतील प्रत्येक कुटुंबास प्राप्त झालें आहे. कारण जुने मीटर काढून त्यांच्या जागीं ‘स्मार्ट’ मीटर बसविण्याचें काम या शहरांत सुरू झालें, आणि त्याबरोबर जितका उत्साह आला तितकाच संशयही आला.

मुंबईचा व विजेचा संबंध जुना आहे. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली. १९०७ च्या मे महिन्यांत विजेवरची ट्राम रस्त्यावरून धावली. आणि १९४७ च्या ऑगस्टमध्यें हा सारा कारभार महापालिकेच्या हातीं आला. त्या काळापासून चाळीच्या जिन्याखालीं लांकडी फळीवर ओळीनें बसविलेले काळे मीटर पुष्कळांच्या परिचयाचे होते. त्यांतील ॲल्युमिनियमची चकती विजेच्या चुंबकत्वानें फिरे. दिवे कमी असले कीं सावकाश, अधिक असले कीं वेगानें. तिचे फेरे दांत्यांच्या चाकांवर मोजले जात. पुढें चकती गेली व आंकडे दाखविणारा इलेक्ट्रॉनिक मीटर आला. तरी मीटर मोजी आणि माणूस येऊन वाची, ही रीत बदलली नाहीं. नवा मीटर ही रीतच बदलतो. तो दर पंधरा वा तीस मिनिटांचा खर्च टिपून ठेवतो, बिनतारी मार्गानें तो स्वतःच कार्यालयाकडे पाठवितो, आणि तिकडून आज्ञा आली असतां घराची वीज तोडतो किंवा जोडतो. केंद्र सरकारनें २०२१ सालीं आंखलेल्या योजनेंत देशभर असे २५ कोटि मीटर बसविण्याचें ठरलें. मुंबईंत एकट्या बेस्टनें आपल्या सुमारें साडेदहा लाख ग्राहकांसाठीं हें काम हातीं घेतलें. पण लोकांचा विरोध इतका वाढला कीं २०२४ सालीं तें कांहीं काळ थांबवावें लागलें.

या यंत्राच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे, तें प्रथम प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. घर बंद आढळलें म्हणजे वाचक परत जातो व अंदाजानें बिल येतें. पुढें खरा आंकडा निघाला कीं दोन-तीन महिन्यांचा भार एकदम अंगावर पडतो. नव्या मीटरानें हा त्रास संपावा. वीज कोठें चोरली जाते, हेंही हिशेबांत लवकर दिसूं लागतें. आणि चोरीच्या विजेचें मोल अखेर प्रामाणिक ग्राहकच भरतो, हें विसरून चालणार नाहीं. शिवाय दिवसा सूर्यापासून वीज मुबलक मिळते आणि संध्याकाळीं तिची ओढ लागते. कोणत्या वेळीं किती वापर झाला हें समजल्यावांचून दिवसाची वीज स्वस्त देतां येत नाहीं. भांडुप-मुलुंड भागांत वीज पुरविणाऱ्या महावितरणनें १ जुलै २०२५ पासून, स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळेंतील वापरावर युनिटमागें ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर केली, ती याच आधारावर. तथापि ही सवलत दुपारीं घरीं असणाऱ्यांसच विशेष उपयोगी. पति-पत्नी दोघेंही दिवसभर कामावर असणाऱ्या घरीं इस्त्री व धुलाई रात्रींच व्हावयाची, हेंही लक्षांत घ्यावें.

परंतु केवळ मापाडी म्हणून घरीं आलेल्या या सेवकाच्या हातांत आणखी दोन अधिकार येतात. एक खटक्याचा, दुसरा स्मरणाचा. आमचा आक्षेप मापास नाहीं. या दोन अधिकारांस मर्यादा असावी, एवढाच आहे.

खटक्याचा अधिकार पहा. वीज कायदा, २००३ याच्या कलम ५६ प्रमाणें थकबाकीसाठीं वीज तोडण्यापूर्वीं पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. या पंधरा दिवसांत गरीब माणूस उसनेंपासनें करतो, पगाराची वाट पाहतो, कार्यालयांत जाऊन चार शब्द बोलतो. आधीं पैसे भरून मग वीज, अशी व्यवस्था असलेल्या मीटरांत ही सवड राहत नाहीं. शिल्लक संपली कीं अंधार, मग त्या रात्रीं घरांत आजारी माणूस असो कीं उद्यां परीक्षेस बसणारें मूल असो. दुरून चालणारा खटका चुकूनही चालतो. उत्तर प्रदेशांत १२ ऑगस्ट २०२० रोजीं, ऐन जन्माष्टमीच्या दिवशीं, चुकीच्या आज्ञेनें लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज गेली. त्यांत बिल वेळेवर भरणारेही होते. इंग्लंडसारख्या संपन्न देशांतही गरिबांच्या घरीं जबरीनें आगाऊ भरण्याचे मीटर लावल्याचें उघड झालें, तेव्हां २०२३ च्या फेब्रुवारींत तेथील नियामकास ती जबरी थांबविण्यास सांगावें लागलें. आपल्या राज्यांतही २०२४ च्या जूनमध्यें, सामान्य घरगुती ग्राहकांस आगाऊ भरण्याचे मीटर लावले जाणार नाहींत, असें सरकारनें जाहीर केलें. हें वचन केवळ घोषणा न राहतां नियम व्हावें, आणि असा मीटर ज्यास स्वखुशीनें हवा असेल त्यासच मिळावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसरा अधिकार स्मरणाचा. महिन्याच्या शेवटीं एकच आंकडा घेणारा वाचक आपल्या घराविषयीं फारसें कांहीं जाणत नसे. परंतु दर अर्ध्या तासाचे आंकडे ज्याच्या हातीं आहेत, त्यास घरचीं माणसें केव्हां उठतात, केव्हां निजतात, कोणत्या दिवसांत घर रिकामें असतें, हें न विचारतां कळतें. विजेच्या चढउतारावरून कोणतें उपकरण केव्हां चाललें हें ओळखतां येतें, असें अमेरिकेंतील जॉर्ज हार्ट यांनीं १९९२ च्या निबंधांत दाखवून दिलें होतें. याच कारणास्तव नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहानें २००९ सालीं स्मार्ट मीटर सक्तीचे करण्यास नकार दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ च्या ऑगस्टमध्यें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. तेव्हां हे आंकडे किती दिवस ठेवणार, कोणास दाखविणार आणि मीटर बसविणाऱ्या ठेकेदारास त्यांतील किती पाहतां येणार, हें प्रत्येक ग्राहकास सोप्या मराठींत लेखी सांगितलें गेलें पाहिजे. उंबरठा केवळ दगडाचा नसतो. त्याच्या आंत आपण काय करतों हें आपलें असतें.

आतां मापाच्या खरेपणाविषयीं. मीटर बदलल्यावर बिल वाढलें, अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. ती हंसण्यावारीं नेऊं नये, आणि तपासल्यावांचून खरीही मानूं नये. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठानें २०१७ सालीं नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. दिवे मंद करणाऱ्या कांहीं साधनांबरोबर त्यांतील पांच मीटरांनीं प्रत्यक्षाहून पुष्कळ जास्त आंकडा दाखविला, तर दोहोंनीं कमी. ती परीक्षा प्रयोगशाळेंतील विशेष स्थितींतली होती; तरी यंत्रही चुकूं शकतें, एवढें तीवरून निश्चित होतें. उलट पक्षीं जुना, झिजलेला मीटर सावकाश चालत असूं शकतो, व नव्यानें खरें माप दाखविलें म्हणजे तें वाढल्यासारखें भासतें. वाद मिटविण्याचा मार्ग तपासणी हाच. २०२४ च्या फेब्रुवारींतील सुधारित नियमांप्रमाणें ग्राहकानें तक्रार केल्यास कंपनीनें पांच दिवसांच्या आंत शेजारीं दुसरा पडताळणी मीटर बसवून निदान तीन महिने दोहोंचा मेळ पहावयाचा आहे. हा नियम किती पालकांस ठाऊक आहे? मीटरवर दगड टाकण्यापेक्षां अथवा नुसतें चडफडत बिल भरण्यापेक्षां असा एक अर्ज अधिक काम करतो.

विद्यार्थ्यांनो, या कामीं तुम्ही आपल्या आईवडिलांस मोठें साहाय्य करूं शकतां. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट. अर्थात् दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासांतच तें खातो. घरांतील सर्व बटनें बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो कीं काय तें पहा. लुकलुकत असल्यास गळती किंवा चुकीची जोडणी शोधण्यास जाणकारास बोलावा. रोज एका ठराविक वेळीं आंकडा वहींत टिपा व बिलाशीं ताडून पहा. भौतिकशास्त्राचा धडा पाठ म्हणून दाखविण्यापेक्षां हा अभ्यास थोर आहे.

‘स्मार्ट’ या शब्दाचा अर्थ चतुर. चतुर सेवक घरीं असावा, याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्याच्या हातीं किल्ली देण्यापूर्वीं शहाणा गृहस्थ त्याच्याशीं करार करतो. माप दोघांस दिसावें, सूचनेवांचून वीज तुटूं नये, आणि घरची गोष्ट घरींच रहावी, इतकाच तो करार आहे. तो करून घेण्याइतके आपण जागरूक राहिलों, तर या नव्या मापाड्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. तसे न राहिलों, तर मापाचा कांटा दुसऱ्याच्याच हातीं राहील, आणि मग दोष यंत्रास देण्यांत अर्थ उरणार नाहीं.