जाड टायरचा सोस वळणावर नडतो

पोंभुर्ण्याहून मूल किंवा गोंडपिपरीकडे जाणाऱ्या तरुणांच्या स्पोर्ट्‌स बाईकला मागे जाड टायर हवा असतो. रुबाब वाढतो खरा, पण हा खर्च चुकीचाच. यामाहा आर१५ व्ही४ च्या मागच्या चाकाचे माप १४०/७०-१७. त्याच रिमवर १६० चा टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात, गोलाई बिघडते, गाडी वळायला जड होते. जंगलात रानडुक्कर आडवे आले तर? चेन घासण्याची भीती वेगळीच.

त्यापेक्षा हवा तपासा; सकाळी, टायर थंड असताना. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या टायरमधली हवा काढली, तर सकाळी ती कमीच भरते. डबल सीटसाठीचा आकडा वेगळा असतो. मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर पाहा.