बरडाचा मुरूम विकायचा का? माझं मत



रस्त्याचं काम निघालं की बरडावर पोकलेन लावू का म्हणून माणसं विचारत येतात. पारनेर तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित दोन एकर बरडालाही गिऱ्हाईक आलंय. सातबाऱ्यावर मी, धाकटा भाऊ अन् बहीण अशी तीन नावं. भाऊ पुण्यात, फ्लॅटचे हप्ते चालू. तो म्हणतो, "दादा, तिथं कुसळाशिवाय उगवतंय काय? पैसे करून टाकू." त्याची अडचण खरी आहे. पण माझं मत विकू नये असं आहे. का, ते सांगतो.

आधी कायदा. अमेरिकेत जमिनीखालच्या खनिजाचा हक्क वेगळा विकता येतो. 2013 साली सुप्रीम कोर्टानं केरळातल्या मलबारच्या जमीनमालकांच्या बाजूनं निकाल दिला, तो दाखवून काही जण म्हणतात की खालचं सगळं आपलंच. पण आपल्याकडं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 आहे. त्याच्या कलम 48 प्रमाणं खनिजाचा हक्क सरकारचा, अन् मुरूम हे गौण खनिज. म्हणजे परवानगी अन् रॉयल्टीशिवाय हात लावता येत नाही. विनापरवाना उपसा सापडला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. गाडी निघून जाते, गट नंबर आपला राहतो.

आता पैसा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. दहा फूट खोदलं तर एकरी 4,356 ब्रास निघतो. हिशोबापुरते ब्रासला 100 रुपये धरा. एकरी 4,35,600 झाले. तिघांत वाटले तर प्रत्येकी 1,45,200. दोन एकराचे दुप्पट. रक्कम लहान नाही, पण ती एकदाच येणार.

खरा मुद्दा पाण्याचा. आपला खडक काळा पाषाण, त्याच्या पोटात पाणी मुरत नाही. वरची माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक. आपल्या विहिरींचं पाणी बहुतेक ह्याच थरांत अन् खडकाच्या भेगांत असतं. आमचं बरड उंचावर, विहीर उताराला. पावसाळ्यात बरडात मुरलेलं पाणी हळूहळू खाली झिरपतं, त्यावर ज्वारी-कांदा निघतो. भाऊ ज्याला निकामी म्हणतो ती आमची टाकी आहे. मुरूम विकला म्हणजे टाकीच विकली.

कोणी म्हणेल, खड्डा झाला तर पाणी साठेल, फायदाच. मोजून, जागा पाहून केलेलं शेततळं वेगळं अन् गाड्या भरण्यासाठी कातळापर्यंत खरवडलेला खड्डा वेगळा. उघडं पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन जातं. शेजाऱ्याचा बांध ढासळतो तो वेगळाच, मग भांडण कायमचं. अन् माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, पोकलेनला एक दिवस पुरतो.

लांब कशाला जायचं? नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. त्यांनी डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, शेतीसाठी बोअर बंद ठेवले, पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस आपल्यासारखाच तोकडा. त्यांनी मुरमात पाणी जिरवलं, आपण मुरूमच गाडीत भरायला निघालो.

ज्यांना विकल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी एवढं तरी बघावं:
- सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. बहिणीची सही राहिली तर पुढं कोर्ट.
- परवाना कोणाच्या नावावर, किती ब्रासचा, कधीपर्यंत, ते स्वतः वाचा.
- वाहतूक पासशिवाय गाडी बाहेर सोडू नका. पासची नक्कल जपून ठेवा.
- किती खोल, बांधापासून अन् विहिरीपासून किती लांब, हे करारात लिहून घ्या.
- वरची माती आधी बाजूला काढून शेवटी परत पसरायची, हेही लिहून घ्या.

भावाला मी नुसतं नाही म्हणणार नाही. मुरमाड जमिनीत सीताफळ येतं. चर काढून लागवड करू, कष्ट माझे, उत्पन्नात तिघांचा वाटा. हप्ता त्यातून लगेच फिटणार नाही, हे मलाही कळतं. पण वडिलांनी दिलेली जमीन पुढच्या पिढीला खड्डा म्हणून द्यायची का, ह्याचं उत्तर आम्हा तिघांनाच द्यायचंय.

तुमच्या शिवारात मुरूम गेल्यावर खालच्या विहिरींचं काय झालं, ते जरूर लिहा.