‘अरोरा’चा उतारा

उडत्या तबकड्या म्हणजे अमेरिकेची गुप्त लष्करी विमानेच, असा निर्वाळा अधूनमधून दिला जातो. देणारा स्वतःला विवेकवादी म्हणवतो. परग्रहवासी नाकारले की गुप्त विमान आपोआप सिद्ध, हा त्याचा हिशेब. त्यातला हुकमाचा पत्ता ‘अरोरा’.

अरोराचा जन्म कागदावरचा. १९८५ मध्ये अमेरिकी संरक्षण खर्चाच्या अंदाजपत्रकात हे नाव एका ओळीत झळकले आणि त्या सुतावरून ध्वनीच्या पाचसहा पट वेगाच्या विमानाचा स्वर्ग गाठला गेला. १९८९ मध्ये उत्तर समुद्रातील तेलफलाटावरून एका अभियंत्याने इंधनवाहू विमानामागे उडणारा काळा त्रिकोण पाहिला. साक्षीदार जाणकार होता. पण दिसले ते अरोराच, हे ठरवले इतरांनी. पुढे कॅलिफोर्नियातील गडगडाट आणि दोरीत ओवलेल्या वड्यांसारखे दिसणारे धूरपट्टेही त्याच खात्यावर जमा झाले. लॉकहीडच्या गुप्त विमान विभागाचे माजी प्रमुख बेन रिच यांनी १९९४ च्या आत्मकथनात लिहिले, की अरोरा हे बी-२ बॉम्बरच्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या निधीचे सांकेतिक नाव होते. यावर उत्तर तयार असते : रिच दुसरे काय सांगणार? म्हणजे नकार हाच पुरावा! तबकडीवाले तरी वेगळे काय म्हणतात?

खरी गुप्त विमाने माग ठेवतात. रडारला चकवणारे एफ-११७ जून १९८१ मध्ये प्रथम उडाले आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये जाहीर झाले. मधल्या काळात, १९८६ मध्ये, एक कॅलिफोर्नियात कोसळून वैमानिक ठार झाला. त्याच वर्षी या गुप्त विमानाच्या अंदाजावर बेतलेले ‘एफ-१९’ नावाचे प्लास्टिकचे मॉडेल दुकानांत आले. त्याचा गोलसर आकार साफ चुकला होता, पण कुणकुण खरी होती. अरोराचे ना अवशेष, ना हँगर, ना निवृत्त वैमानिक.

तबकडी कोसळल्याच्या कथेसाठी गाजलेल्या अमेरिकेतील रॉझवेलचे गूढ उकलायला तर गुप्त विमान लागलेच नाही. १९९४ च्या हवाई दलाच्या अहवालानुसार तिथे मोगल या गुप्त लष्करी प्रकल्पाचे फुगे होते.

गुप्त विमानाने गूढ उकलते, पण नोंद जुळल्यावर. १९५५ पासून उडणारे यू-२ हे हेरविमान साठ हजार फुटांवर जाई. खाली अंधारल्यावरही त्याचे चंदेरी पंख सूर्यप्रकाशात चमकत. सीआयएच्या इतिहासानुसार, तबकड्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पाचे तपासनीस लोकांकडून आलेली पत्रे यू-२ च्या उड्डाणनोंदींशी ताडून पाहत. नोंद जुळली की प्रकरण मिटे. पत्र धाडणाऱ्याला मात्र खरे कारण कळवता येत नसे.