फळी नवी, तुळई कुजकी

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे होते, कॅनडात, नॉर्थ व्हँकुव्हरला. घरामागच्या माउंट फ्रोम डोंगरावर माझी पंधरा वर्षांची नात सायकल घेऊन जाते. आपण शाळेत नेत होतो ती सायकल नव्हे. जाड टायरांची, दगडमुळांचे धक्के झेलणारी. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ती मनगट छातीशी धरून घरी आली. जंगलवाटेवरच्या लाकडी पुलाचा एक भाग तिच्याखाली बसला होता. प्लास्टर घालताना ती रडली नाही, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अगं आजी, फळी तर नवीकोरी होती!"

त्या वाक्याने माझी झोप उडवली. पुढच्या रविवारी काठी टेकत मुलाबरोबर ती जागा पाहायला गेले. फळी खरंच नवी होती, कुणीतरी मायेने ठोकलेली. पण ज्या तुळईवर ती ठोकली होती, तिच्यात मुलाने स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला. केकमध्ये सुरी जावी तसा.

थोडी पूर्वपीठिका सांगते. १९८० आणि ९०च्या दशकांत इथल्या हौशी मंडळींनी या डोंगरांत वाटा काढल्या, बहुतेक कुणाची परवानगी न घेता. टॉड फिआंडर, डॅन कावन ही त्यातली गाजलेली नावं. जंगलात पडलेला सीडर उभा चिरायचा, दोन तुळया टाकायच्या, त्यांवर आडव्या फळ्या ठोकायच्या. झाला शिडीसारखा पूल. आधी चिखल आणि मुळं ओलांडण्यासाठी, मग हळूहळू धाडसासाठी. हातभर रुंदीचे पूल आले, झोकांड्या देणारे सी-सॉ आले. जगभरच्या सायकलवाल्यांनी ही पद्धत उचलली. त्या माणसांच्या कष्टांपुढे मी हात जोडते.

पण लाकूड ते लाकूडच. सीडर लवकर कुजत नाही म्हणतात, ते खरं आहे. त्याच्या अंगच्या तेलांमुळे तो तग धरतो. पण लवकर कुजत नाही म्हणजे कुजतच नाही असं नव्हे. या डोंगरउतारांवर वर्षाला २,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. तोही आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रिपरिपत राहतो. वरच्या फळीला वारा लागतो, ती वाळते. तुळई जिथे मातीला टेकते तिथे ओल हटत नाही. म्हणून कीड खालून लागते आणि डोळा मात्र वर पाहतो.

आता माझं भांडण ऐका. ते तिघांशी आहे.

पहिले ते, ज्यांना जुन्या पुलाला हात लावला की गहिवर येतो. "हा आमचा इतिहास आहे" म्हणतात. इतिहास मीही छत्तीस वर्षं शिकवला. त्याचा फोटो काढा, त्यावर लिहा. पण आठवणींवर कुणाचं वजन तोलता येत नाही. कुजलेल्या तुळईवरून मूल जाऊ देणं म्हणजे इतिहासाचा मान राखणं नव्हे.

दुसरे, करवत घेऊन निघणारे. "धोका आहे ना? कापून टाका!" ओंटारिओतल्या ब्रूस काउंटीच्या सायकल पार्कात २००८ साली एका लाकडी अडथळ्यावरून पडून एक माणूस कायमचा जायबंदी झाला. २०१५ साली न्यायालयाने काउंटीला जबाबदार धरलं आणि २०१६ साली अपीलही फेटाळलं गेलं. अशी प्रकरणं ऐकली की अधिकाऱ्यांना घाम फुटतो. पण त्या निकालात ठपका लाकूड ठेवल्याचा नव्हता. धोक्याच्या नीट पाट्या नाहीत, अपघातांवर लक्ष नाही, नवशिक्याला पायरीपायरीने शिकता येईल अशी सोय नाही, यासाठी तो होता. म्हणजे न्यायालयाने निगा मागितली होती, करवत नव्हे.

शिवाय कापण्याआधी विचारावं, हा पूल इथे का होता? खाली चिखल असेल आणि तुम्ही पूलच नेला, तर सायकली बाजूने जातील, झाडांची मुळं उघडी पडतील, एका वाटेच्या चार वाटा होतील. तिथे दगड-माती भरून वाट उंच करा, नाहीतर नवा पूल घाला. नुसत्या धाडसासाठी असेल आणि सांभाळायला कुणी नसेल, तर जरूर काढा, पण पुरता काढा. आधी वरून येणारी वाट बंद करा, मग मोडा. खिळे वेचा, लोंबणारी तारेची जाळी गोळा करा. चढायची फळी तशीच आणि उतरायची गायब, असं अर्धवट काम कुजक्या पुलापेक्षा वाईट.

आणि तिसरे... यांच्यावर माझा खरा राग आहे, कारण ते माझ्यासारखेच भले आहेत. वरची फळी बदलून समाधानाने घरी जाणारे. तुळई तपासायला वाकावं लागतं, माती उकरावी लागते, आणि कुजलेली निघाली तर दोन दिवसांचं काम गळ्यात पडतं. फळी अर्ध्या तासात होते, वर दिसतेही छान. पण जुनी हिरवट फळी पाहून माझी नात कदाचित थांबली असती. नवी फळी म्हणजे "ये, मी पाहिलंय" असं दिलेलं वचन. ते न पाहता दिलं होतं.

मीही असं केलंय. कच्च्या मुलाला दोन गुण वाढवून वरच्या वर्गात ढकललंय. तेव्हा तो दयाळूपणा वाटला होता.

माझ्या कोकणातल्या आजोळी पावसाळा सरला की गावकरी ओढ्यावर साकव नव्याने घालत. जुनी खोडं आधी काढत. काढणं हे घालण्याचंच पहिलं काम, हे तिथे कुणाला सांगावं लागत नसे.

नॉर्थ शोअरला सायकलवाल्यांची संघटना १९९७ पासून आहे, स्वयंसेवक पावसात फावडी घेऊन राबतात. ते कमी पडतात, कारण वाटेवरून जाणारे शेकडो आणि फावडं धरणारे मोजके. ज्याला जायचंय त्याने वर्षातून दोन दिवस वाकावं, हे फार मागणं आहे का?

असो. प्लास्टर निघालं. सप्टेंबरमध्ये ती तुळई बदलायला मुलगा गेला, सोबत नातही. तिच्या हाती मी स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हटलं, "आधी खालून बघ."