होलगेटच्या वाळूवर माणसं हवी आहेत

न्यू जर्सीत राहणाऱ्या समस्त मराठी मंडळींना, त्यातही ज्यांच्या घरात कॉलेजात शिकणारी मुलं आहेत त्यांना, ही कळकळीची विनंती. मार्चच्या मध्यापासून पायपिंग प्लव्हर पक्षी आपल्या किनाऱ्यावर उतरायला लागतील. त्यांच्या घरट्यांवर उन्हाळाभर नजर ठेवणाऱ्या इंटर्नच्या जागा बहुधा त्याआधीच भरतात. अर्ज करायचा तो आत्ता. मे महिन्यात परीक्षा आटोपल्यावर आठवण झाली तर काही उपयोग नाही.

जागा आहे एडविन बी. फोर्साइथ नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज. लाँग बीच आयलंडच्या दक्षिण टोकाचं होलगेट हा त्याचाच तुकडा. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट तिथे पर्यटकांना पूर्ण बंदी असते. ऐन उन्हाळ्यात जर्सीचा एवढा सुंदर किनारा कुलूपबंद का, असा प्रश्न पडून चिडलेले लोक मी पाहिले आहेत. कारण वाळूतच आहे.

पायपिंग प्लव्हर चिमणीपेक्षा जरासा थोराड, आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद. पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, पाय नारिंगी, गळ्याला काळी पट्टी. घरटं म्हणजे वाळूत छातीने घासून केलेला उथळ खळगा, त्यात शिंपल्यांचे चार कपचे. बहुतेक वेळा अंडी चार, वाळूच्याच रंगाची, बारीक काळ्या ठिपक्यांची. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. नर-मादी पाळीपाळीने जवळजवळ चार आठवडे ती उबवतात. पिल्लू बाहेर आलं की काही तासांत धावायला लागतं, कारण आई-बाप चोचीत घास आणून देत नाहीत. पाण्याच्या काठाला जाऊन किडे-अळ्या त्याचे त्यानेच टिपायचे. काड्यांच्या पायांवरचा कापसाचा बोळा जसा, तसं हे सहा-सात ग्रॅमचं पिल्लू दिवसातून कितीदा तरी सुक्या वाळूतून ओल्या वाळूत पळतं. उडता येईपर्यंत निदान साडेतीन-चार आठवडे जातात. तोवर धोका दिसला की ते पळत नाही, जागच्या जागी दबून बसतं. गाडीच्या चाकाने पडलेल्या चाकोरीत बसलं तर पुढच्या गाडीला ते दिसणंच शक्य नाही. पंख मोडल्याचं नाटक करत फरफटत जाणारा पक्षी दिसला, तर त्याच्यामागे फोटोसाठी धावू नका. पिल्लं जवळच आहेत, असं समजून आल्या पावली मागे फिरा.

१९८६मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरच्या या पक्ष्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा जेमतेम ७९० जोड्या मोजल्या गेल्या होत्या. आज दोन हजारांच्या वर आहेत. ही वाढ नुसत्या कायद्याने झालेली नाही. दर वसंतात कोणीतरी खांब रोवून दोऱ्या बांधल्या, पाट्या लावल्या आणि तिथे उभं राहिलं, म्हणून झाली. जर्सीत मात्र गाडी शंभर-सव्वाशे जोड्यांच्या आसपास अडखळते. जोडीमागे सरासरी दीड पिल्लू उडण्याइतकं मोठं व्हावं, असं उद्दिष्ट आहे आणि ते गाठणं आपल्या राज्याला जड जातं. २०१२च्या सँडी वादळाने आपली घरं बुडवली, पण होलगेटला समुद्र आरपार गेल्यामुळे सपाट मोकळी वाळू तयार झाली आणि ती या पक्ष्यांना मानवली. इतरत्र आपण टेकाडं बांधून, गवत लावून, बंगले उठवून अशी वाळू शिल्लकच ठेवलेली नाही.

इंटर्नचं काम काय? पहाटे वाळू तुडवायची. दुर्बिणीतून जोड्या शोधायच्या, घरट्याची जागा जीपीएसवर नोंदवायची, अंडी मोजायची, कोल्ह्याची पावलं उमटली आहेत का ते पाहायचं. गरज असेल तिथे अनुभवी माणसाच्या हाताखाली घरट्याभोवती जाळीचा पिंजरा उभा करायचा. जाळीतून प्लव्हर आतबाहेर करतो, कोल्हा अडतो. उधाणाचं पाणी घरटी घेऊन गेलं तर तेही लिहायचं आणि जोडी पुन्हा अंडी घालते का, त्यावर लक्ष ठेवायचं. लीस्ट टर्न, म्हणजे छोट्या सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत गेलात तर ते डोक्यावर झेपा घेतात, वरून शिटतातही. जुनी टोपी न्यावी. ऊन, खारा वारा, चावऱ्या माश्या, भत्ता तुटपुंजा. हे आधीच सांगितलेलं बरं.

आपल्या घरांतून लगेच प्रश्न येतो, ‘याने बायोडेटात काय भर पडणार?’ मला हा प्रश्न फार कोता वाटतो, तरी उत्तर देते. रोज ठरल्या पद्धतीने माहिती गोळा करणं, नकाशावर मांडणं आणि दोरी ओलांडणाऱ्या संतापलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलणं हे ज्याला जमलं, त्याला पुढे कुठल्याही कचेरीत नडणार नाही. भारतात गेल्यावर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहून आपण भारावून येतो. इथला किनारा मात्र आपल्या लेखी चटई पसरण्यापुरताच!

ज्यांना अर्ज करायचा नाही त्यांनाही काम आहे. आपण सगळे जातो त्या सँडी हूकलाही ही घरटी असतात. संक्रांतीला इथे थंडीत पतंग उडवता येत नाही म्हणून ती हौस उन्हाळ्यात बीचवर भागवली जाते. प्लव्हरला तो पतंग ससाणाच वाटतो आणि तो अंड्यांवरून उठतो. घरट्यांच्या बाजूला पतंग नको, ड्रोन नको, कुत्रा नको. भेळ-चिप्सचा सांडलेला चुरा उचला, नाहीतर गल आणि कावळे जमतात आणि तेच पुढे अंडी-पिल्लांकडे वळतात. ४ जुलैला पिल्लं वाळूवरच असतात, तेव्हा स्वतःचे फटाके किनाऱ्यावर नेऊ नका.

अर्जासाठी रेफ्यूजच्या कार्यालयात, स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशनकडे आणि कॉन्झर्व्ह वाइल्डलाइफ फाउंडेशन ऑफ न्यू जर्सीकडे चौकशी करा. बऱ्याच जागांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एफ-१ किंवा एच-४वर असलेल्यांनी, काम बिनपगारी असलं तरी, आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावं. राहायची सोय आहे का, हेही अर्जाच्या वेळीच विचारून घ्या. उन्हाळ्यात त्या बेटावर भाड्याची खोली परवडत नाही. आणि निवृत्त आजी-आजोबांनो, स्वयंसेवक म्हणून पाटीपाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायला वयाची अट नाही. एडिसन-पिस्काटवेतल्या तीन-चार घरांनी ठरवलं, तर शनिवारची एक गाडी सहज भरते. तेवढी या आठवड्यातच ठरवा.